मेल येतो कुठून, अडतो कुठे: डोमेनची रेकॉर्ड्स लावणं, तपासणं आणि मेल हलवणं

नव्या वेबसाइटसाठी नेमसर्व्हर बदलले आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला मेल येणं थांबलं, ही वेब डेव्हलपर मंडळींकडे येणारी नेहमीची तक्रार. वेबसाइट एका सर्व्हरवर आणि मेल दुसऱ्याच कंपनीकडे असला, तरी दोघांचे पत्ते एकाच डीएनएस झोनमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या एकाच यादीत, लिहिलेले असतात. यादीतली प्रत्येक नोंद म्हणजे रेकॉर्ड, आणि ही यादी जगाला सांगणारी यंत्रं म्हणजे नेमसर्व्हर. नेमसर्व्हर बदलले की अख्खा झोन बदलतो. नव्या झोनमध्ये वेबसाइटचा पत्ता आठवणीने टाकला जातो, मेलचा राहून जातो.

अशा वेळी आधी एवढंच ठरवायचं: मेल येत नाहीये की जात नाहीये? येणाऱ्या मेलला रस्ता दाखवतं ते एमएक्स रेकॉर्ड. तुमच्याकडून गेलेल्या मेलवर समोरच्याने विश्वास ठेवायचा का, हे ठरतं एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क आणि पीटीआर या रेकॉर्ड्सवर (चारही पुढे समजावली आहेत). एमएक्स चोख असूनही तुमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जाऊ शकतात, आणि एसपीएफ उत्तम असूनही एक मेल आत येणार नाही असं होऊ शकतं. हा फरक न करता जो दिसेल तो रेकॉर्ड बदलत गेलं की दिवस वाया जातो आणि चालू असलेलंही बंद पडतं.

उदाहरणासाठी इथे एक्झाम्पल.कॉम हे डोमेन आणि २०३.०.११३.१० हा आयपी पत्ता घेतला आहे. दोन्ही अशाच कामासाठी राखीव आहेत. रेकॉर्ड्स देवनागरीत लिहिली असली तरी पॅनलमध्ये ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायची, शक्यतो तुमच्या मेल कंपनीच्या मदत पानावरून जशीच्या तशी कॉपी करून.

पाठवणारा सर्व्हर काय काय विचारतो

कोणीतरी विक्री@एक्झाम्पल.कॉम या पत्त्यावर मेल लिहिला. त्याचा सर्व्हर @ च्या उजवीकडचा भाग घेतो आणि डीएनएसला विचारतो, या डोमेनचं एमएक्स काय? उत्तरात एक किंवा अनेक ओळी येतात. प्रत्येक ओळीत एक आकडा आणि एका सर्व्हरचं नाव. आकडा ० ते ६५५३५ यांपैकी काहीही असतो आणि सर्वांत लहान आकड्याला पहिला मान. मग त्या नावाचं ए रेकॉर्ड (आयपीव्ही६ असेल तर क्वाड-ए) विचारून आयपी पत्ता मिळवला जातो आणि त्या पत्त्यावर पोर्ट २५ ला, म्हणजे सर्व्हरच्या मेल घेण्याच्या दाराला, जोडणी होते. डीएनएसचं काम इथे संपलं. 'विक्री' नावाचा मेलबॉक्स आहे की नाही हे डीएनएसला माहीत नसतं. ते फक्त मेल घेणारा सर्व्हर सांगतो, आणि नसेल तर ५५० ५.१.१ असं उत्तर देऊन मेल परत पाठवतो.

एमएक्सची ही पद्धत १९८६ पासूनची आहे. आकडे १ आणि ५ असोत की १० आणि २०, फरक पडत नाही; फक्त क्रम पाहिला जातो. दुसऱ्या क्रमांकाचा सर्व्हर तेव्हाच आजमावला जातो, जेव्हा पहिला लागत नाही किंवा ४ ने सुरू होणारा तात्पुरता नकार देतो. पहिल्याने ५ ने सुरू होणारा कायमचा नकार दिला की विषय तिथेच मिटतो.

यावरून एक गैरसमज दूर व्हावा. दोन मेल कंपन्यांची एमएक्स एकत्र लावली की मेल दोन्हीकडे पोचेल, असं अनेकांना वाटतं. एक मेल एकाच सर्व्हरवर उतरतो. दोघांचे आकडे समान ठेवले, तर काही मेल इकडे आणि काही तिकडे जातात, आणि मग महिनाभर 'मला तो मेल मिळालाच नाही' यावरून वाद. जुन्या होस्टिंगचं एमएक्स 'असू दे बॅकअप म्हणून' मोठ्या आकड्याने ठेवणंही तितकंच वाईट. नवा सर्व्हर क्षणभर व्यस्त असला की मेल जुन्या मेलबॉक्समध्ये जाऊन पडतो, जो कोणी उघडत नाही. शिवाय स्पॅम पाठवणारे मुद्दाम मोठ्या आकड्याचं एमएक्स गाठतात, कारण तिथली चाळणी सहसा कमकुवत असते. सरळ काढून टाकावं.

एमएक्स मुळीच नसेल तर? तेव्हा पाठवणारा सर्व्हर डोमेनच्या ए रेकॉर्डकडे, म्हणजे बहुधा वेबसाइटच्या सर्व्हरकडे, मेल न्यायचा प्रयत्न करतो. तिथे पोर्ट २५ बंद असेल तर मेल पाठवणाऱ्याच्या रांगेत थांबतो. एसएमटीपीच्या, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल देण्याच्या पद्धतीच्या, मानकानुसार त्याने चार-पाच दिवस तरी पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा, काही कंपन्या त्याआधीच हात टेकतात. म्हणून बिघाड सोमवारी होतो आणि बाउन्स, म्हणजे मेल पोचला नसल्याची सूचना, शुक्रवारी येतो. याची चांगली बाजूही आहे: त्या मुदतीत एमएक्स दुरुस्त केलं, तर अडकलेले बरेच मेल आपोआप येऊन पोचतात.

एखाद्या डोमेनवर मेल घ्यायचाच नसेल, तर एमएक्स रिकामं ठेवू नये. आकडा ० आणि नावाच्या जागी फक्त एक टिंब असं एमएक्स लावायचं. याला नल एमएक्स म्हणतात. पाठवणाऱ्याला लगेच नकार कळतो.

एमएक्समध्ये काय लिहू नये

समोर सर्व्हरचं नाव हवं, आयपी पत्ता चालत नाही. ते नाव सीनेमही, म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं टोपणनावही, नसावं. त्याला थेट ए किंवा क्वाड-ए रेकॉर्ड असायला हवं. सीनेम ठेवलं तरी काही सर्व्हर मेल पोचवतात, काही नाकारतात, आणि असा अर्धवट बिघाड शोधायला सर्वांत कठीण.

क्लाउडफ्लेअर ही डीएनएस सेवा वापरत असाल तर मेल.एक्झाम्पल.कॉम या ए रेकॉर्डसमोरचा ढग करडा हवा. नारिंगी ढग म्हणजे मधे प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर), आणि ती प्रॉक्सी वेबसाइटची ये-जा सांभाळते, पोर्ट २५ ची नाही.

सीपॅनल या होस्टिंग सांभाळायच्या पॅनलवर एमएक्स आपसूक डोमेनकडेच बोट दाखवतं: एक्झाम्पल.कॉमचं एमएक्स एक्झाम्पल.कॉम. वेबसाइट आणि मेल एकाच मशीनवर आहेत तोवर हे चालतं. वेबसाइट दुसरीकडे हलवून ए रेकॉर्ड बदललं की मेलही तिच्यामागे जातो. सुरुवातीपासूनच मेल.एक्झाम्पल.कॉम असं वेगळं नाव ठेवलं की ही अडचण उद्भवत नाही.

झोन फाइल हाताने लिहिणाऱ्यांनी नावाच्या शेवटच्या टिंबाकडे लक्ष द्यावं. टिंब टाकायचं राहून गेलं की सर्व्हर नावापुढे पुन्हा डोमेन चिकटवतो, आणि मेल.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम असं अस्तित्वातच नसलेलं नाव तयार होतं.

देवनागरी डोमेन घेतलेल्यांसाठी एक जाता जाता: .भारत हे २०१४ पासून मिळतं, पण झोनमध्ये ते 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपातच साठतं, आणि जुनं पॅनल असेल तर तेच रूप टाकावं लागतं. @ च्या डावीकडेही देवनागरी हवी असेल, तर पाठवणारा आणि घेणारा दोन्ही सर्व्हर एसएमटीपीयूटीएफ८ जाणणारे लागतात.

हात लावण्याआधी: झोन कोणाकडे आहे?

डोमेन एकाकडून घेतलेलं, होस्टिंग दुसऱ्याकडे, नेमसर्व्हर तिसऱ्याकडे, ही छोट्या व्यवसायांत सर्रास दिसणारी मांडणी. तिन्ही ठिकाणी डीएनएसचं पॅनल दिसतं आणि तिन्ही पॅनल बदल निमूटपणे जतन करतात. परिणाम होतो फक्त एकाच ठिकाणी: डोमेनचे नेमसर्व्हर जिथे आहेत तिथे. म्हणून पहिली आज्ञा ही. लिनक्स किंवा मॅकवर 'डिग एनएस एक्झाम्पल.कॉम', विंडोजवर 'एनएसलुकअप -टाइप=एनएस एक्झाम्पल.कॉम'. उत्तरात जी नावं येतील त्याच कंपनीच्या पॅनलमध्ये काम करायचं.

तिथला अख्खा झोन आधी उतरवून ठेवा, स्क्रीनशॉट काढला तरी चालेल. नेमसर्व्हर बदलणार असाल तर हे सोडूच नका, कारण काही नोंदी बाहेरून शोधता येत नाहीत. विशेषतः डीकेआयएमच्या: त्या सिलेक्टर नावाच्या उपनावाखाली असतात आणि सिलेक्टर ठाऊक नसेल तर डीएनएस सांगत नाही. जुना पाठवलेला मेल उघडून त्याच्या हेडरमधल्या 'डीकेआयएम-सिग्नेचर' ओळीत 'एस=' पुढे जे असतं ते सिलेक्टर, ही मागची वाट.

मेल एका कंपनीकडून दुसरीकडे हलवताना

समजा मेल होस्टिंगच्या सीपॅनलवर आहे आणि गूगल वर्कस्पेसवर न्यायचा आहे. क्रम महत्त्वाचा.

१. एमएक्सचा टीटीएल, म्हणजे इतरांनी ते उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ती मुदत, ३०० सेकंदांवर आणा. सीपॅनलवर तो बहुधा १४४००, म्हणजे चार तास असतो. टीटीएल कमी केल्याचा फायदा जुनी मुदत उलटल्यावरच मिळतो, कारण तोवर जगभरचे रिझॉल्व्हर (आपल्या वतीने डीएनएसला विचारणारे सर्व्हर) जुनं उत्तर जुन्या मुदतीसह धरून बसलेले असतात. एक दिवस आधी केलेलं बरं.

२. नव्या कंपनीने दिलेलं टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराचं, रेकॉर्ड टाकून डोमेन आपलंच असल्याचं सिद्ध करा आणि सगळे मेलबॉक्स आधीच तयार करा. माणसांचे मेलबॉक्स कोणी विसरत नाही. विसरतात ते इन्फो, अकाउंट्स, जीएसटी पोर्टलला दिलेला एखादा जुना पत्ता, आणि सीपॅनलमधले फॉरवर्डर. एमएक्स फिरल्यावर अशा पत्त्यावर आलेला मेल कायमच्या नकाराने परत जातो, पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत नाही. सीपॅनलमध्ये 'डिफॉल्ट ॲड्रेस' म्हणजे कॅच-ऑल लावलेला असेल, तर कोणकोणत्या नावांनी मेल येत होते ते त्या मेलबॉक्समध्ये पाहून घ्या.

३. एसपीएफमध्ये नवी कंपनी जोडा, जुनी अजून काढू नका. नव्या कंपनीची डीकेआयएम की आताच टाका.

४. जुनी एमएक्स पुसून नवी लावा. गूगलसाठी २०२३ पासून एकच नोंद पुरते: आकडा १, नाव एसएमटीपी.गूगल.कॉम. पूर्वीच्या पाच नोंदी असतील तर त्याही चालतात. दोन्ही प्रकार मिसळू नयेत. झोहोच्या भारतातल्या खात्यांसाठी एमएक्स.झोहो.इन १०, एमएक्स२.झोहो.इन २० आणि एमएक्स३.झोहो.इन ५०. मायक्रोसॉफ्ट ३६५ प्रत्येक डोमेनसाठी वेगळं नाव देतं, ते ॲडमिन सेंटरमधूनच घ्यावं.

५. सीपॅनलमध्ये 'ईमेल राउटिंग' उघडून 'रिमोट मेल एक्स्चेंजर' निवडा. हलवणाऱ्यांच्या हातून सर्वाधिक सुटणारी पायरी ही. वेबसाइट अजून त्याच सर्व्हरवर असेल, तर तो सर्व्हर स्वतःलाच या डोमेनचा मेल सर्व्हर समजत राहतो आणि डीएनएसला न विचारता मेल जुन्या मेलबॉक्समध्ये टाकतो. बाहेरून येणारे मेल नव्या ठिकाणी नीट येतात, पण वेबसाइटच्या फॉर्मवरून येणाऱ्या चौकश्या गायब होतात. एमएक्स कितीही तपासलं तरी हा दोष सापडत नाही, कारण एमएक्स बरोबरच असतं.

६. जुने मेलबॉक्स आठवडाभर तरी चालू ठेवा आणि रोज उघडून पाहा. एमएक्स फिरवल्याने पूर्वीचे मेल हलत नाहीत. ते आयमॅप या मेलबॉक्स वाचण्याच्या पद्धतीने वेगळे ओढून घ्यावे लागतात. ते झाल्यावरच होस्टिंगचा प्लॅन बंद करायचा, आणि मग एसपीएफमधून जुनी कंपनी काढून टीटीएल पुन्हा ३६०० वर न्यायचा.

तपासायचं कसं

आधी झोनच्या स्वतःच्या नेमसर्व्हरला विचारा: 'डिग एमएक्स एक्झाम्पल.कॉम @' आणि पुढे नेमसर्व्हरचं नाव. तिथे उत्तर चुकीचं असेल तर पॅनलमधली चूक. तिथे बरोबर असून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ या सार्वजनिक रिझॉल्व्हरना विचारल्यावर जुनं येत असेल, तर टीटीएल संपायची वाट पाहायची, दुसरं काही करायचं नाही. रेकॉर्ड टाकण्याआधी 'आलं का, आलं का' म्हणून विचारत बसू नका. 'असं रेकॉर्ड नाही' हे उत्तरही रिझॉल्व्हर साठवून ठेवतो, आणि किती वेळ ते झोनच्या एसओए या मूळ नोंदीवर ठरतं.

घरच्या लॅपटॉपवरून टेलनेटने पोर्ट २५ तपासून काही सिद्ध होत नाही. अनेक ब्रॉडबँड कंपन्या बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद ठेवतात, ॲमेझॉन आणि गूगलच्या क्लाउडवरही ते मुळात अडवलेलं असतं. जोडणी झाली नाही तर दोष बहुधा तुमच्या बाजूच्या जाळ्यात. खरी परीक्षा म्हणजे जीमेल, आउटलुक आणि आणखी एखाद्या वेगळ्या कंपनीच्या पत्त्यावरून मेल पाठवणं.

जाणाऱ्या मेलची बाजू

मेलवर पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. एक सर्व्हर एकमेकांना सांगतात तो, पाकिटावरचा. दुसरा वाचणाऱ्याला 'फ्रॉम'मध्ये दिसतो तो, आतल्या कागदावरचा. दोन्ही सारखे असलेच पाहिजेत असं नाही. एसपीएफ फक्त पाकिटावरचा पत्ता तपासतं.

एसपीएफ हे टीएक्सटी रेकॉर्ड आहे: व्ही=एसपीएफ१ आयपी४:२०३.०.११३.१० इन्क्लूड:_एसपीएफ.गूगल.कॉम ~ऑल. अर्थ असा, की या आयपीवरून आणि गूगलच्या सर्व्हरवरून आलेला मेल आमचा, बाकीच्याकडे संशयाने पाहा. नवी सेवा घेतली की लोक दुसरं एसपीएफ रेकॉर्ड टाकतात; दोन झाली की नियमाप्रमाणे दोन्ही बाद. एकाच ओळीत नवा इन्क्लूड घालायचा. दुसरी मर्यादा दहाची: तपासताना जास्तीत जास्त १० डीएनएस चौकश्या चालतात आणि इन्क्लूडच्या आतले इन्क्लूडही त्यात मोजले जातात. मेल, न्यूजलेटर, सीआरएम, हेल्पडेस्क असे चार-पाच इन्क्लूड झाले की मर्यादा कधी ओलांडली कळत नाही. आयपी४ लिहिलेल्या नोंदी यात मोजल्या जात नाहीत. +ऑल कधीही लिहू नये, म्हणजे कोणीही आमच्या नावाने मेल पाठवा असं होतं.

डीकेआयएममध्ये पाठवणारा सर्व्हर मेलवर खासगी कीने सही करतो, सार्वजनिक की डीएनएसमध्ये सिलेक्टर._डोमेनकी.एक्झाम्पल.कॉम या नावाखाली असते. २०४८ बिटांची की २५५ अक्षरांत मावत नाही आणि टीएक्सटीच्या एका तुकड्याची मर्यादा तेवढीच आहे. चांगलं पॅनल स्वतः तुकडे करतं. जुनं पॅनल शेपूट कापून जतन करतं आणि काही बोलत नाही. जतन केल्यावर शेवटची दहा अक्षरं मूळ कीशी ताडून पाहा. दुसरी चूक नावाच्या रकान्यात: बहुतेक पॅनल डोमेन स्वतः जोडतात, म्हणून तिथे 'गूगल._डोमेनकी' एवढंच लिहायचं. आणि गूगलच्या ॲडमिनमध्ये शेवटी 'स्टार्ट ऑथेंटिकेशन' दाबेपर्यंत सही सुरूच होत नाही.

मेल फॉरवर्ड झाला की बहुधा एसपीएफ मोडतं, कारण आयपी बदलतो. डीकेआयएमची सही मजकूर न बदलल्यास टिकते. म्हणून दोन्ही हवीत.

डीमार्क या दोघांना 'फ्रॉम'शी बांधतं. _डीमार्क.एक्झाम्पल.कॉम इथे टीएक्सटी: व्ही=डीमार्क१; पी=नन; आरयूए=मेलटू:रिपोर्ट@एक्झाम्पल.कॉम. एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी पास हवं आणि ते ज्या डोमेनसाठी पास झालं ते 'फ्रॉम'च्या डोमेनशी जुळायला हवं. सुरुवात 'नन'नेच करा. काही आठवडे येणारे अहवाल वाचले की तुमच्या नावाने कोण कोण पाठवतंय ते दिसतं, आणि त्यात विसरलेलं बिलिंग सॉफ्टवेअर हमखास निघतं. ती सगळी नीट केल्यावर 'क्वारंटाइन', मग 'रिजेक्ट'. घाईने थेट 'रिजेक्ट' लावलं, तर आपलीच बिलं आपणच अडवतो. उलट वर्षानुवर्षे 'नन'वर थांबणंही निरर्थक. त्याने नकली मेल अडत नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी हे सक्तीचं केलं आहे. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लागतात, इतरांना एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी. नसेल तर जीमेलकडून ५५० ५.७.२६ असा नकार येतो.

वेबसाइटच्या फॉर्मची एक गंमत इथेच सांगितली पाहिजे. फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता 'फ्रॉम'मध्ये टाकून मेल पाठवण्याची जुनी सवय आता चालत नाही: याहूच्या ग्राहकाच्या नावाने तुमचा सर्व्हर मेल पाठवतो आणि याहूचं डीमार्क २०१४ पासून 'रिजेक्ट' आहे. 'फ्रॉम'मध्ये आपल्याच डोमेनचा पत्ता आणि 'रिप्लाय-टू'मध्ये ग्राहकाचा, एवढ्याने काम होतं.

स्वतःचा मेल सर्व्हर चालवत असाल तरच पीटीआर तुमची जबाबदारी. आयपीवरून नाव सांगणारं हे रेकॉर्ड डोमेनच्या झोनमध्ये नसतं. ज्याने आयपी दिला त्याच्याकडे, म्हणजे क्लाउड किंवा इंटरनेट कंपनीकडे मागावं लागतं. आयपीवरून आलेलं नाव पुन्हा त्याच आयपीवर उतरलं पाहिजे.

बाउन्स वाचून दोष ओळखणं

'डोमेन सापडलं नाही': डोमेनची मुदत संपली आहे किंवा नेमसर्व्हर चुकले आहेत, आधी रजिस्ट्रारचं, म्हणजे डोमेन जिथून घेतलं त्या कंपनीचं, पान पाहा. 'रिले ॲक्सेस डिनाइड': एमएक्स ज्या सर्व्हरकडे नेतं त्याला हे डोमेन आपलं आहे हेच माहीत नाही, बहुधा नव्या कंपनीत डोमेन जोडायच्या आधीच एमएक्स फिरवलं. 'कनेक्शन टाइम आउट': नाव बरोबर पण पत्त्यावर पोर्ट २५ ला कोणी ऐकत नाही. ५.१.१ आलं तर रस्ता ठीक आहे, मेलबॉक्स नाही. बाउन्स नाही, मेलही नाही: स्पॅम, क्वारंटाइन किंवा जुना मेलबॉक्स, याच क्रमाने शोधा.

आणि सगळ्यांचे मेल येतात, फक्त एक-दोन ग्राहकांचेच येत नाहीत, त्यांना बाउन्सही मिळत नाही, असं असेल तर त्यांची वेबसाइट कुठे आहे ते विचारा. ते तुमच्याच जुन्या होस्टिंगच्या त्याच सर्व्हरवर असतील, तर तिथे तुमचं डोमेन अजून स्थानिक म्हणून नोंदलेलं आहे आणि त्यांचा मेल त्या यंत्राबाहेर पडतच नाही. जुन्या होस्टिंगवाल्याला तुमचं डोमेन सर्व्हरवरून काढायला सांगायचं; तुमच्या झोनमध्ये काहीही बदलायची गरज नाही.